बांद्यापलीकडचं सरकार

मंडळी, विषय दिला आहे ‘गोवा आणि महाराष्ट्र : जीवनमानाची तुलना’. दरडोई उत्पन्नाचे आकडे मांडले तर हे व्याख्यान दोन मिनिटांत संपेल. गोवा देशात अगदी वरच्या राज्यांत आहे, आपण त्याच्या बरेच खाली. पण ‘आपण’ म्हणजे कोण? मुंबई आणि गडचिरोली एकत्र घोटून काढलेल्या सरासरीत सावंतवाडीचा माणूस कुठेच दिसत नाही. म्हणून मी गोव्याशी तुलना करणार आहे ती सिंधुदुर्गाची. जमीन तशीच, पाऊस तसाच, नुस्तं म्हणजे मासे तेच आणि सोयरीकसुद्धा एकमेकांतच.

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि आमदार ४०. म्हणजे सुमारे ३६ हजार माणसांमागे एक. सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाख आणि आमदार तीन : कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. इथे पावणेतीन लाखांहून जास्त माणसांमागे एक. गोव्यात मंत्री लग्नाला येतो, बाराव्याला येतो, आणि गटार तुंबलं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. आपलं मंत्रालय पाचशे किलोमीटरवर. गोव्याच्या सीमेलगतच्या आपल्या बांद्याच्या माणसाला पणजी तासाभरावर आहे, पण ती त्याची राजधानी नाही. माझ्या मते दोन्हीकडच्या राहणीमानातला निम्मा फरक या अंतराचा आहे. गोव्याचे पुढारी आपल्यापेक्षा सज्जन आहेत, असा माझा मुळीच दावा नाही!

आता दवाखान्याकडे वळू. रात्री हायवेवर अपघात झाला, डोक्याला मार लागला, तर आपल्याकडे पहिलं वाक्य काय निघतं? ‘बांबोळीक न्हेवा.’ म्हणजे बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात न्या. त्या कॉलेजची परंपरा १८४२पासूनची, आणि सिंधुदुर्ग स्वतंत्र जिल्हा झाला १९८१ साली. २०१८च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा आपल्या सीमेवरच्या दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. आपला राग मी समजू शकतो. पण ज्या सरकारला आपण कर देत नाही, मत देत नाही, त्याच्यावर आपण रागावलो. ज्याला देतो, त्याच्यावर रागवायचं आपल्याला उशिरा सुचलं.

सकाळी गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवीच्या नाक्यावर उभे राहा. मोटारसायकलींची रांग लागलेली असते, हँडलला डब्याची पिशवी, पाठीवर रेनकोट. ही पोरं पेडणे-म्हापशाकडे कारखान्यांत, हॉटेलांत जातात आणि संध्याकाळी घरी परततात. घर स्वतःचं, भात शेतातला, पगार गोव्याचा. हिशेब बरा वाटतो ना? पण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सीमा बंद झाली आणि हा हिशेब एका रात्रीत कोसळला. पेट्रोल पलीकडे स्वस्त मिळतं म्हणून येताना टाकी फुल करून आणता येते. नोकरीची हमी तशी आणता येत नाही.

आणि पलीकडे सगळं सोन्याचं आहे असंही समजू नका. बेरोजगारीच्या सरकारी पाहण्यांत गोव्याचा दर महाराष्ट्राहून बराच जास्त दिसतो. शिकलेला गोंयकार सरकारी नोकरीची वाट बघत बसतो, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोप गाठतो. २०१२ला खाणी बंद पडल्या, तेव्हा गावंच्या गावं ट्रकांच्या हप्त्यांखाली सापडली. दिल्ली-मुंबईच्या पैशाने जमिनीचे भाव असे चढले की शिवोलीतल्या साध्या पगारदाराला आपल्याच गावात फ्लॅट परवडत नाही. तो प्रश्न आपल्याकडे यायचाच आहे. सीमेपलीकडे मोपाचा विमानतळ सुरू झालाय, एजंट आपल्या वाड्यांतून फिरू लागलेत.

१६ जानेवारी १९६७ला गोव्याने कौल दिला. १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याच्या बाजूने, १,३८,१७० महाराष्ट्रात येण्याच्या. चौतीस हजारांचा फरक. पुढे दोडामार्गातूनच ‘आम्हाला गोव्यात घ्या’ अशी मागणी झाली. मला ती पटत नाही, पण ती वेडेपणाची आहे असंही म्हणवत नाही. तिलारीचं धरण आपल्या हद्दीत, गावं आपली उठली आणि पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. करार दोन्ही राज्यांनी मिळून केलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोव्याने आपला वाटा मागून, पैसे मोजून घेतला. आपण काय मागितलं?

आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलंय. यंदा मतं मागायला कोणी दारात आलं तर त्याला दरडोई उत्पन्न विचारू नका. डोक्याला मार लागलेला माणूस रात्री दोन वाजता ओरोसलाच ठेवून घेतील का, आणि कधीपासून, एवढं तारखेसकट विचारा.