'कोणी केलं' आणि 'काय झालं'

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी दोन प्रश्नांबद्दल बोलणार आहे. दोन्ही अगदी लहान, दोन-दोन शब्दांचे. पहिला, 'कोणी केलं?' आणि दुसरा, 'काय झालं?' घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की पहिला प्रश्न आपसूक तोंडून बाहेर पडतो. ऑफिसातही हिशेब चुकला, फाइल गहाळ झाली की तोच. दुसरा प्रश्न मुद्दाम आठवून विचारावा लागतो. हे दोन्ही प्रश्न लक्षात ठेवा, मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे.

मी बरीच वर्षं एका विभागाचा प्रमुख म्हणून काम केलं. हाताखाली कधी पाच माणसं होती, कधी पंचवीस. माणसं कशी सांभाळावीत याचे वर्ग असतात, तेही मी केले. वह्या भरल्या, प्रमाणपत्रं मिळाली. पण रोजच्या कामात मी जे वापरत आलो ते एका रात्री, साडेअकरा वाजता, आमच्या घराच्या पॅसेजमध्ये शिकलो.

घरातलं शिक्षण कामाच्या जागी न्यायचं, ही कल्पना काही माझी नाही. लिलियन गिलब्रेथ नावाच्या अमेरिकन बाई होत्या, जन्म 1878चा. त्यांना बारा मुलं झाली. नवऱ्याबरोबर त्या कारखान्यांतल्या कामाचा अभ्यास करायच्या: कामगाराचा हात किती वेळा उगाच हलतो, तो कशानं थकतो. 1924 साली नवरा अचानक गेला आणि एकट्या बाईला काम द्यायला कारखानदार कचरू लागले. मग त्यांनी तोच अभ्यास स्वयंपाकघरात नेला. पायानं दाबून उघडायचा कचऱ्याचा डबा आपण वापरतो, त्याचं श्रेय त्यांना देतात. 1935मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. मला या बाईंबद्दल फार आदर आहे. घर आणि कारखाना यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातली नाही. थकलेला माणूस इथेही थकलेलाच असतो आणि तिथेही.

असो. आता त्या रात्रीकडे येतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आमच्याकडेच असायचे. त्यांना रक्तदाबाची गोळी होती, एक सकाळी, एक संध्याकाळी आठला. गोळी चुकू नये म्हणून मी एक तक्ता केला होता. ऑफिसात करतो तसाच, पट्टीनं रेघा मारून, तारखा घालून. फ्रिजच्या दारावर तो चिकटवला आणि शेजारी दोऱ्यानं पेन टांगलं. गोळी दिली की त्या दिवसाच्या चौकटीत खूण करायची. संध्याकाळची गोळी माझ्या लेकीकडे होती. ती तेव्हा अकरा वर्षांची. आजोबांची गोळी आपल्या हाती आहे याचा तिला कोण अभिमान! पावणेआठपासून ती घड्याळाकडे बघत बसायची.

त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आदल्या दिवशी माझ्या चष्म्याची काडी मोडलेली सापडली. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि विचारलं, 'कोणी मोडला?' आवाज ऑफिसातला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कोणी बोलेना. मी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. शेवटी धाकटा मुलगा रडायला लागला, आणि चष्म्यापेक्षा खोटं बोलण्यावर मी त्याला जास्त बोललो. लेक सोफ्याच्या कडेला उभी राहून हे सगळं बघत होती. चष्मा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

त्या दुसऱ्या दिवशीच रात्री अण्णा उठले, बाथरूमकडे निघाले आणि पॅसेजमध्ये भिंतीला धरून खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हात गार, कपाळावर घाम. आम्ही त्यांना तिथेच आडवं केलं, पायांखाली उश्या दिल्या. बायकोनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, रक्तदाब किती आहे? मोजला, तो बराच खाली होता. दुसरं विचारलं, आज गोळ्या कुठल्या दिल्या, आणि किती?

बायको म्हणाली, 'संध्याकाळची मीच दिली. साडेनऊला. तक्त्यावर खूण नव्हती, म्हणून दिली.'

मी म्हणालो, 'आठची गोळी साडेनऊला का? आठला कोणी दिली नाही का? दिली असेल तर कोणी दिली?'

बघा, वडील जमिनीवर पडलेले, फोनवर डॉक्टर थांबलेले, आणि माझ्या तोंडात प्रश्न कोणता? कोणी, कोणी, कोणी. दोन मिनिटांत मी तो चार वेळा विचारला असेन. उत्तर शून्य. लेक दाराच्या पडद्यामागे उभी होती. पडद्याखालून तिची पावलं दिसत होती, एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घट्ट दाबलेला.

माझी आई अण्णांच्या उशाशी बसली होती. ती उठली, पडद्याजवळ गेली आणि खाली फरशीवर बसली. म्हणजे आता पोरगी वर आणि आजी खाली. तिनं तिचा हात धरला आणि म्हणाली, 'बाळा, संध्याकाळी काय काय झालं ते मला सांग बरं. पहिल्यापासून. घाई नाही.'

घाई तर होती, श्रोतेहो. पण तिचा आवाज घाईचा नव्हता.

आणि लेक बोलायला लागली. आठ वाजले, मी गोळी काढली, आजोबांना दिली, पाणी दिलं. मग खूण करायला गेले तर पेन चालेना. दोनदा रेघ ओढली, उमटलीच नाही. म्हणून दुसरं पेन आणायला आत गेले, तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला, गृहपाठ विचारायला. मग विसरले. मग आईनं गोळी दिली तेव्हा मी बघितलं. मला सांगायचं होतं. पण मला वाटलं, बाबा कालसारखे ओरडतील.

हे सगळं बोलायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. डॉक्टरांना नेमकी माहिती मिळाली: एकच गोळी, दीड तासाच्या अंतरानं दोनदा. रात्रभर काय बघायचं, किती वेळानं रक्तदाब मोजायचा, आकडा कुठे गेला तर थेट रुग्णालय गाठायचं, सगळं त्यांनी नीट सांगितलं. पहाटेपर्यंत अण्णा सावरले.

तीनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो आणि तक्त्यापुढे उभा राहिलो. त्या दिवसाची चौकट कोरी होती. मोबाइलचा उजेड तिरका धरला तेव्हा दिसलं, कागदावर दोन रेघा होत्या. शाईशिवायच्या. नुसत्या टोकानं ओढलेल्या, दाबून. पोरीनं आपलं काम केलं होतं. पेन संपलं होतं.

मी बराच वेळ तिथे उभा होतो.

'कोणी केलं' विचारून मला एक घाबरलेली मुलगी मिळाली असती. 'काय झालं' विचारल्यावर संपलेलं पेन मिळालं. मुलीला ओरडून पेनात शाई भरली गेली नसती. आणि त्या तक्त्यातला दोषही दिसला: गोळी एकीकडे, खूण दुसरीकडे. मधे एक फोन आला की साखळी तुटली. पुढच्या आठवड्यात आम्ही कप्प्यांचा डबा आणला, रोजच्या गोळ्यांचे वेगळे कप्पे. कप्पा रिकामा म्हणजे गोळी दिली. खूण करायलाच नको.

इथे एक सांगून टाकतो, विषयाला थोडं सोडून आहे. गोळ्यांच्या स्ट्रिपवर नाव इतकं बारीक आणि चकचकीत कागदावर छापलेलं असतं की साठीच्या माणसानं ते वाचायचं कसं? दोन गोळ्या कापून घेतल्या की मुदत संपायची तारीख कापलेल्या तुकड्यावर जाते. घरातल्या निम्म्या चुका तिथे सुरू होतात, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या हातात ही छपाई आहे त्यानं एकदा आपल्या आईला ती वाचायला द्यावी.

तर, गोळ्यांच्या चुका. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक आहेत. विद्यार्थिनी असताना त्यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांचे गट अभ्यासले. कुठल्या गटात औषधांच्या चुका जास्त होतात, ते त्या मोजत होत्या. अपेक्षा सरळ होती: जिथे माणसं एकमेकांना सांभाळून काम करतात तिथे चुका कमी असतील. आकडे आले ते उलटे. चांगल्या गटांत चुका जास्त! पुढे उलगडा झाला. त्या गटांत चुका बोलल्या जात होत्या, नोंदवल्या जात होत्या. इतर ठिकाणी त्या पडद्यामागे उभ्या होत्या. 1999 साली त्यांनी एका कारखान्यातल्या 51 गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातलं सूत्रही हेच: इथे चूक कबूल केली तर माझी फजिती होणार नाही, असं ज्या गटाला वाटतं तो गट शिकतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पडद्याखालची ती पावलं आठवली.

ऑफिसातला प्रसंग थोडक्यात सांगतो. त्या रात्रीनंतर दोनेक महिन्यांनी आमच्या विभागातून एका ग्राहकाला जुन्या दरांचं पत्रक गेलं. ग्राहकाचा फोन थेट माझ्या टेबलावर. मी केबिनमधून बाहेर आलो, 'कोणी पाठवलं' जिभेवर होतं. सगळ्यांच्या माना खाली. मी एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यात बसलो. म्हणालो, 'काय काय झालं, पहिल्यापासून सांगा. घाई नाही.' आईचेच शब्द. एका नव्या मुलीनं हात वर केला. म्हणाली, 'सर, फोल्डरमध्ये तीन फाइल होत्या. एक फायनल, एक फायनल नवीन, एक फायनल नवीन दोन. मी मधली उचलली.' तीनही नावं मीच चालू दिली होती. त्या दिवसापासून फाइलच्या नावात तारीख आली, आणि फायनल हा शब्द हद्दपार झाला.

पुढचे काही महिने आमच्याकडे नोंदलेल्या चुका वाढल्या. वरून विचारणा झाली, तुमच्या विभागात हे काय चाललंय? मी सांगितलं, चुका तेवढ्याच आहेत, फक्त आता मला कळतात. ते लगेच पटलं असं नाही. वर्षभरानं ग्राहकांच्या तक्रारी कमी झाल्या, मग विचारणा थांबली.

एक मात्र स्पष्ट सांगतो. 'आमचं ऑफिस म्हणजे एक कुटुंबच' असं म्हणतात ते मला आवडत नाही. कुटुंबातून कोणाला कामावरून कमी करत नाहीत. घरच्या नात्याचं नाव घेऊन माणसाला रात्री उशिरापर्यंत थांबवणं बरोबर नाही. घराकडून वागणं शिकावं, हक्क घेऊ नये. संध्याकाळ झाली की माणसाला त्याच्या खऱ्या घरी जाऊ द्यावं.

आणखी एक जुना प्रयोग सांगतो. 1939 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दहा-दहा वर्षांच्या मुलांचे गट केले आणि त्यांना मुखवटे बनवायला दिले. काही गटांत मोठा माणूस नुसते हुकूम सोडायचा, काही गटांत तो मुलांना विचारून ठरवायचा. हुकूम सोडणारा खोलीबाहेर गेला की काम मंदावायचं. विचारून ठरवणारा बाहेर गेला तरी मुलं मुखवटे करत राहायची. आपण खोलीबाहेर गेल्यावर आत काय चालतं, हे घरात रोज बघायला मिळतं. रविवारी तासभर बाहेर जाऊन या, आपोआप कळेल.

पुन्हा सांगतो, ज्यांनी रेडिओ आत्ताच लावला असेल त्यांच्यासाठी: काही बिघडलं की 'कोणी केलं' बाजूला ठेवा. खाली बसा. विचारा, 'काय झालं, पहिल्यापासून सांग.' आणि मग ऐका. मधे बोलू नका, हे सगळ्यात अवघड आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुढच्या महिन्यात दरांचं पत्रक पुन्हा पाठवायचं होतं. मी ते दुसऱ्या, जुन्या माणसाकडे देणार होतो. मग अण्णा आठवले, आणि मी ते त्याच मुलीकडे दिलं.

अण्णांचं काय, ते सांगतो. त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सकाळची गोळी थांबवली होती. संध्याकाळी रक्तदाब मोजला, ठीक निघाला, आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आता द्या. मी स्ट्रिप घेऊन उभा होतो. लेक खोलीतून बाहेरच येत नव्हती. अण्णांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, 'तू ठेव ती. माझी गोळी जिच्याकडे आहे तिला बोलाव.'

ती आली. स्ट्रिपवरचं नाव तिनं मोठ्यानं वाचलं, गोळी तळहातावर घेतली, आजोबांना दिली, पेला पुढे केला. त्यांनी गिळली, आ करून दाखवली. मग ती नवं पेन घेऊन फ्रिजपाशी गेली. आधी कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ ओढून बघितली. पेन चालत होतं. मग चौकटीत खूण केली, इतकी जोरात की कागदाच्या मागच्या बाजूलाही ती उमटली.

नमस्कार.