जूनचे रंग आणि बारमाही पाटी

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईतल्या मॉलच्या काचांवर आणि बड्या कंपन्यांच्या बोधचिन्हांवर समलिंगी व तृतीयपंथी समाजाची खूण असलेले इंद्रधनुष्याचे रंग चढतात ते जून महिन्यात, कारण न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारवर 28 जून 1969 रोजी पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तिथल्या लोकांनी केलेल्या प्रतिकाराची आठवण त्या महिन्याशी जोडलेली आहे. आपल्या शहरातली या समाजाची ‘क्विअर आझादी’ पदयात्रा, जी 2008 पासून निघू लागली, ती मात्र बरीच वर्षे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघत आली आहे. म्हणजे माणसे चालतात थंडीत आणि दुकाने रंगतात पावसाळ्यात! ज्यांच्या नावाने ही सजावट होते, त्यांना विचारून ती होत नसावी, अशी शंका यावरून कोणालाही येईल.

सजावटीला माझा विरोध नाही. कलम 377 खाली प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा मानणे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी थांबवले, त्यापूर्वी असे रंग दारावर लावायला धैर्य लागत होते. परंतु महिनाअखेरीस उतरणाऱ्या रंगांपेक्षा रोजच्या वापरातली खूण मला अधिक मोलाची वाटते. दादर परिसरातल्या पादचारी सिग्नलवर 2020 मध्ये स्त्रीची आकृती दिसू लागली, तेव्हा काही दिवस चर्चा झाली आणि मग लोक मुकाट्याने रस्ता ओलांडू लागले. व्हिएन्ना शहराने 2015 मध्ये सिग्नलवर हातात हात घेतलेली समलिंगी जोडपी आणली. युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या निमित्ताने आलेली ती चित्रे स्पर्धा संपल्यावरही राहिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण उघडपणे दिसावे की नाही, हे ठरवण्याची मुभा सर्वांना नसते. समलिंगी तरुण लोकलमध्ये चढताना छातीवरचा बिल्ला काढून खिशात ठेवू शकतो. त्याच डब्यातल्या तृतीयपंथी व्यक्तीला ती सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, तरी स्थानकावरच्या शौचालयाच्या दोन दारांपुढे त्यांनी कुठे जायचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी आजही त्यांच्यावरच सोडलेला असतो. तिथे लावलेली एक स्पष्ट पाटी कितीतरी झेंड्यांचे काम करील.

बँकेतल्या खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यालाही अशी स्पष्ट पाटी उपयोगी पडेल. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. मात्र 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते, एकमेकांना नामनिर्देशित करता येते आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले मानावे. ही माहिती बँकेच्या सूचनाफलकावर, व्याजदरांच्या तक्त्याशेजारी, मराठीत लावायला खर्च तो काय येणार? शिधावाटप कार्यालयातही ती लावता येईल, आणि गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वारातील नामफलकावर एकाच सदनिकेपुढे दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची आडनावे लिहायची असतील, तर त्यासाठी कार्यकारिणीने वेगळी सभा बोलावण्याचे मुळीच कारण नाही.