भट्टीतलं मँगनीज

(दृश्य: उद्यमबाग, बेळगाव. भट्टीची घरघर.)

बेळगावच्या फाउंड्र्यांत ओतकाम बहुतेक कास्ट आयर्नचं. या भट्टीत मात्र आज मँगनीज स्टील शिजतंय, खडी क्रशरच्या जबड्यात बसणाऱ्या प्लेटांसाठी. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद दगडाचा मार खाऊन वरून आणखी कडक होतं. पण त्यासाठी मँगनीज ११ ते १४ टक्के हवं, आणि ते भट्टीत जळून, उडून कमी होत राहतं. म्हणून ओतण्याआधी मोजणी.

(पळीभर रस तांब्याच्या साच्यात. वडी निवते, चाकावर घासली जाते.)

ही वडी स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर चढते. आर्गॉनमध्ये ठिणगी पडते, पृष्ठभागावरचा धातू वाफ होऊन चमकतो आणि त्या उजेडातून मँगनीजची रेषा वेगळी काढून मोजली जाते. वडीत पोकळी असली की आकडे नाचतात. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी ठिणगी घ्यायचीच.

“ताई, मँगनीज किती आलं?”
“दहा पॉइंट आठ. थांबा मामा, अजून एक घेते.”

यंत्र झटपट आहे, पण त्याला शिकवावं लागतं. साध्या स्टीलच्या नमुन्यावर बसवलेलं यंत्र एवढ्या मँगनीजला भरवशाचं नाही. त्याच जातीचा प्रमाणित नमुना लागतो. हातातल्या एक्स-रे गनलाही मँगनीज दिसतं, कार्बन नाही.

(लॅब. बर्नरवर काचपात्र.)

जुनी रीत संथ, पण बघण्यासारखी. स्टीलचा किस नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, तांबूस धूर जाईपर्यंत उकळायचा. फॉस्फरिक ॲसिड घातलं की लोखंडाचा पिवळेपणा मावळतो. मग पोटॅशियम पिरिऑडेट घालून पुन्हा उकळी, आणि पाणी जांभळं होत जातं. हे परमँगनेट, मँगनीजचंच संयुग. रंग जितका गडद तितकं मँगनीज जास्त. रंग मोजणारा कलरीमीटर ते ५४५ नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचतो. थेंबभर सोडियम नायट्राइटने जांभळा रंग उडवून उरलेल्या द्रावणाचंही वाचन घेतात, म्हणजे इतर धातूंचा रंग मँगनीजच्या खात्यात जात नाही. गिऱ्हाइकाशी वाद झाला तर आम्ही या बाटलीवर जास्त विश्वास ठेवू.

(पुन्हा भट्टी.)

५०० किलोच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्यात, मँगनीज १०.८ टक्क्यांवरून १२ वर न्यायचं, तर ७५ टक्के मँगनीज असलेलं फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) साडेनऊ किलो लागतं. घट धरून मामा थोडं जास्तच टाकतात. त्यातून कार्बनही चढतो, म्हणून दुसरी वडी काढली जाते.