डोंगर नसलेलं खोरं

खोरं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोयना येते. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये नदी. कॅनडात विनिपेग शहराच्या दक्षिणेला उभे राहा, यातलं काही दिसणार नाही. ताटासारखी सपाट जमीन. रेड नदीनं हे खोरं कोरलेलंच नाही. हिमयुग सरताना वितळलेलं पाणी उत्तरेच्या बर्फानं अडवलं, त्याचं अ‍ॅगसी नावाचं अफाट सरोवर झालं आणि सुमारे 8 हजार वर्षांपूर्वी ते रितं झालं. आजची शेतं त्याच्या तळावर आहेत.

तळाचा गाळ म्हणजे चिकण माती. आपल्या काळ्या रानासारखीच ही भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. वरचा थर कडक, खालचा मऊ, आणि फसगत होते ती इथेच. 1913 च्या ऑक्टोबरात विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना इथलं धान्याचं नवंकोरं कोठार भरत होतं. 65 काँक्रीटच्या कोठ्या, खाली एकसंध काँक्रीटचा पाया. पावणेनऊ लाख बुशेल (धान्य मोजायचं माप) धान्य पडल्यावर ते खचू लागलं आणि दिवसभरात जवळजवळ 27 अंशांनी कललं. कोठ्या मात्र शाबूत! पाया फुटला नव्हता, खालची मऊ माती बाजूला सरकली होती. मग खडकापर्यंत खांब नेऊन, जॅक लावून ते सरळ केलं आणि पुन्हा वापरात आणलं.

असल्या उघड्या माळावर झाडं आणि पाणी काठालाच. म्हणून इथल्या मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांची शेतं नदीला काटकोनात असत. काठावर अरुंद, मागे सुमारे दोन मैल लांब. प्रत्येकाला पाणी, लाकूड आणि गवत मिळे. 1869 मध्ये कॅनडाचे मोजणीदार चौकोनी आखणी घेऊन आले, तेव्हा 11 ऑक्टोबरला मेटींचा पुढारी लुई रिएल आणि साथीदारांनी त्यांची 66 फुटी साखळी अडवली. (आपल्या गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे त्या साखळीच्या निम्मी.) या विरोधातूनच पुढच्या वर्षी इथे मॅनिटोबा प्रांत झाला.

आता पूर. ही नदी उत्तरेकडे वाहते. उगमाकडचं बर्फ आधी वितळतं, खाली पात्र अजून गोठलेलं. उतार किलोमीटरला जेमतेम 10 सेंटीमीटर. पाणी पळत नाही, पसरतं. 1950 च्या पुरात लाखभर माणसांना घरं सोडावी लागली. त्यानंतर 1962 ते 1968 मध्ये शहराला पूर्वेकडून वळसा घालणारा 47 किलोमीटरचा कालवा खणला.

याची खुबी दारांत आहे. कालव्याच्या तोंडाशी नदीत दोन पोलादी दारं एरवी तळाशी पडून असतात. पुरात ती वर उचलतात. मागे फुगवटा येतो आणि जादा पाणी कालव्यात वळतं. बर्फाचे तुकडे मोकळे वाहू लागेपर्यंत सहसा दारांना हात लावत नाहीत, नाहीतर बर्फ तुंबतो.

सर्वसाधारण नियम असा की वरच्या अंगाची पातळी नैसर्गिक पातळीच्या, म्हणजे कालवा आणि दारं नसती तर पुरात जी असती तिच्या, वर जाऊ द्यायची नाही. 1997 मध्ये शहर वाचवताना ती वर गेली. शहर वाचलं, वरच्या अंगाच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सांगली-कोल्हापूरकरांना फुगवट्याचा वाद समजावून सांगायला नको. इथे नैसर्गिक पातळी मोजता येत नाही, कारण दारं उचलल्यावर ती कुठेच उरत नाही. ती हिशेबानं काढावी लागते, आणि भांडण त्या हिशेबावर होतं.