तालुक्याची सरासरी काढली आणि किल्लारीचा पाऊस गायब झाला: पॉवर क्वेरीमधलं 'ग्रुप बाय'

नमस्कार. आज पावसाचा तक्ता घेऊन बसलोय, सप्टेंबरचा, आणि तो उघडलाय पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलमधल्या डेटा साफ करून मांडायच्या साधनात. सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच आभाळ गळायला लागतं. मग लातूरपासून हिंगोलीपर्यंत जो तो एकच विचारतो, आपल्या मंडळात किती झाला? तालुक्यात किती, असं कुणी विचारत नाही. कारण चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी, आणि ती मोजतात महसूल मंडळावर, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटावर.

(स्क्रीनवर तक्ता)

हे बघा. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. औसा तालुक्यातली चार मंडळं, एकाच दिवसाची. औसा 22, लामजना 31, किल्लारी 84, भादा 19. आता 'ग्रुप बाय', म्हणजे ओळींचे गट पाडून हिशेब करणारी सोय, उघडायचं, तालुका निवडायचा, खाली 'अॅव्हरेज' आणि ओके. उत्तर आलं 39. गणित बरोबर आहे. पण या 39 कडे बघून कुणाला वाटेल का, की किल्लारीच्या शिवारात त्या दिवशी 84 मिलिमीटर कोसळला? ज्याचं रान पाण्याखाली गेलं तो या तक्त्यात उरलाच नाही.

म्हणून 'ग्रुप बाय'ला हात लावायच्या आधी मी स्वतःला विचारतो: माझ्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नक्की काय? इथं हवं ते असं, एक मंडळ, एक दिवस, एक आकडा. आपल्या हातात येणारी फाइल मात्र तशी नसते.

तालुक्याचं नाव पहिल्या ओळीत, खालचे सेल मर्ज केलेले. पॉवर क्वेरीत आणलं की पहिल्या ओळीत 'औसा' आणि खाली सगळीकडे नल, म्हणजे रिकामं. तालुक्याचा कॉलम निवडा, 'ट्रान्सफॉर्म'मध्ये 'फिल', 'डाउन'. नाव खालपर्यंत उतरतं. ज्या सेलमध्ये कुणी नुसती स्पेस मारून ठेवलीय तिथं मात्र उतरत नाही, कारण पॉवर क्वेरीच्या लेखी तो सेल रिकामा नाही.

मग प्रत्येक तालुक्याखालची 'एकूण'ची ओळ. ही आधी फिल्टरनं काढाच. राहिली तर बेरीज दुप्पट होते, आणि 'मॅक्स' काढलं तर औसा तालुक्यात एका दिवसात 156 मिलिमीटर पाऊस दिसतो, जो कुठल्याच मंडळात पडलेला नाही.

तारखा आडव्या पसरल्यात, 1 पासून 30 पर्यंत, त्या उभ्या करायच्या. जिल्हा, तालुका आणि मंडळ हे तीन कॉलम निवडा, राइट क्लिक, 'अनपिव्हट अदर कॉलम्स'. 'अॅट्रिब्यूट'मध्ये तारीख येते, 'व्हॅल्यू'मध्ये पाऊस. नावं मराठीत बदलून घ्या, पावसाचा प्रकार नंबर करा. इथं जरा थांबा. अनपिव्हट करताना जो सेल नल असतो त्याची ओळच गळून जाते. माझ्या मते हे चांगलंच आहे. पर्जन्यमापकाची नोंद आली नाही आणि पाऊस शून्य झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या जागी शून्य भरायची सवय असेल तर ती मोडा, कारण शून्य सरासरीत धरला जातो, नल धरला जात नाही.

आता नावं. 'औसा' आणि शेवटी स्पेस असलेला 'औसा ' आपल्याला सारखेच दिसतात, पण 'ग्रुप बाय' त्यांचे दोन गट पाडतं. 'ट्रिम' करून घ्या. अंबाजोगाई आणि अंबेजोगाई, हे ट्रिमनं जुळत नाही, तिथं 'रिप्लेस व्हॅल्यूज'. जुन्या वर्षांच्या फाइली जोडत असाल तर तिथं उस्मानाबाद असेल, नव्यात धाराशिव. एकच जिल्हा, पण तुमच्या अहवालात दोन होतील. उलटही होतं. कुणी नुसतं 'शिरूर' लिहिलं, तर लातूरचं शिरूर अनंतपाळ आणि बीडचं शिरूर कासार एका गटात जाऊन बसतात. त्यामुळे गट पाडताना 'अॅडव्हान्स्ड' निवडा आणि जिल्हा, तालुका, तारीख असे तिन्ही कॉलम द्या.

त्याआधी 'कंडिशनल कॉलम' टाका: पाऊस 65 पेक्षा जास्त असेल तर 1, नाहीतर 0. नाव द्या 'अतिवृष्टी'. मग 'ग्रुप बाय'मध्ये चार गोष्टी मागा. पावसाचा 'मॅक्स', अतिवृष्टीची 'सम', 'काउंट रोज' आणि 'ऑल रोज'. सम सांगते किती मंडळं वर गेली. काउंट सांगतो किती मंडळांची नोंद आली. मंडळं चार आणि काउंट तीन आला, तर एक नोंद कुठंतरी राहिलीय, ती शोधा.

(स्क्रीनवर निकाल)

औसा, कमाल 84, अतिवृष्टीची मंडळं 1, नोंदी 4. शेवटच्या कॉलममध्ये नुसतं 'टेबल' लिहिलंय. त्या शब्दावर क्लिक करू नका, नाहीतर नवीन स्टेप तयार होते. सेलमधल्या मोकळ्या जागेवर क्लिक करा. खाली चारही मूळ ओळी उघडतात. तिसरी बघा: किल्लारी, 84.