कोस्टर ग्लासबरोबर वर का येतो आणि त्याला खाली कसं ठेवायचं

नमस्कार मंडळी. विषय वाचून दोघं-तिघं हसले ते मी पाहिलं, हसा, काही हरकत नाही. पण उन्हाळ्यात ज्यांच्याकडे पाहुणे येतात त्यांना माहितीये, थंडगार पन्ह्याचा ग्लास कोणी उचलला की खालचा कोस्टरही, म्हणजे टेबल ओलं होऊ नये म्हणून ग्लासखाली ठेवतो ती चकती, वर येतो, बरं तो येतो तर नीट वरपर्यंत तरी येईल ना, तर नाही, अर्ध्या वाटेत सुटतो आणि काचेच्या टीपॉयवर टाण्णकन पडतो नाहीतर पाहुण्याच्या मांडीवर. मग यजमान म्हणणार "अहो राहू द्या राहू द्या" आणि पाहुणा ओशाळणार. हे का होतं आणि कसं थांबवायचं एवढंच आज बोलायचंय, आणि इथे टेबलावर मी थोडं सामान मांडलंय ते अधूनमधून दाखवतो.

आधी पाणी येतं कुठून. ग्लास गळत नाही हे सगळ्यांना माहितीये, आपण म्हणतोच ग्लासला घाम आला. हवेत वाफ असते, ती थंड काचेला लागली की तिचं पाणी होतं. पण किती होतं हे गावावर अवलंबून आहे. जुलैतली मुंबई घ्या, तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के, अशा हवेचा दवबिंदू येतो साधारण २६ अंश. म्हणजे २६ च्या खाली असलेली कुठलीही वस्तू तिथे ओली होणार, फ्रिजचं पाणी सोडा, नुसत्या गार पाण्याच्या ग्लासलाही घाम फुटतो. आता मे महिन्यातली नागपूरची दुपार घ्या, ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के, तिथे दवबिंदू ११ च्या आसपास. म्हणजे १५ अंशांचं पाणी ग्लासात घेऊन बसलात तर ग्लास बाहेरून कोरडाच राहील. म्हणून कोस्टर चिकटण्याची खरी तक्रार मुंबई, कोकण, गोव्याकडची, विदर्भातल्या माणसाला उन्हाळ्यात हा प्रश्न फारसा पडत नाही, पावसाळ्यात पडतो.

जाता जाता एक सांगतो, विषयाला सोडून आहे पण मला फार आवडतं. वाफेचं पाणी होताना ती उष्णता सोडते, आणि ती उष्णता थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम घाम ग्लासावर जमा झाला की त्यातून जी उष्णता निघते तिने साधारण सात ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे ग्लास नुसता ओला होत नाहीये, तुमचं सरबत त्याच घामाने कोमट होतंय. त्यामुळे ग्लासला बाहेरून कापडी किंवा लोकरीचं जाकीट घातलं, किंवा दुहेरी भिंतीचा ग्लास वापरला, तर बर्फही टिकतो आणि कोस्टरही चिकटत नाही, कारण पाणीच येत नाही. खरं तर उपाय नंबर एक हाच आहे पण पाहुण्यांसमोर स्वेटर घातलेले ग्लास ठेवायला लोकांना कसंसंच वाटतं.

बरं, आता चिकटतं कसं. हा ग्लास बघा, उलटा करतो. बूड सपाट नाहीये, मधे खळगा आहे आणि टेकते ती फक्त कडेची गोल रेघ. घाम ओघळत खाली येतो आणि नेमका त्या रेघेखाली जाऊन बसतो. म्हणजे ग्लासची कड आणि कोस्टर यांच्यामधे पाण्याचं एक कडं तयार होतं, पातळ, समजा ०.१ मिलिमीटर, म्हणजे जाडसर केसाएवढं. काच आणि गुळगुळीत कोस्टर दोघांनाही पाणी आवडतं, पाण्याची कड दोन्हीकडे आत वळते आणि पृष्ठताणामुळे त्या पाण्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. एवढ्याशा फटीत हा फरक साधारण १४०० पास्कल येतो. आकडा राहू द्या, वजनात सांगतो. ६ सेंटिमीटर बुडाच्या ग्लासची ३ मिलिमीटर रुंद कड धरली तर नुसतं ते पाण्याचं कडं ८० ग्रॅमच्या आसपास वजन उचलू शकतं. प्लायवुडचा किंवा मेलामाइनचा साधा कोस्टर असतो ३०-४० ग्रॅमचा. मग येणारच ना तो वर.

पण गोष्ट इथे संपत नाही, आतल्या खळग्यात हवा अडकलीये. वरून बर्फाचं पाणी ओतलं की ती हवा गार होते, आकसते, आणि बाहेरची हवा आत यायला बघते तर दारात पाण्याचं कडं बसलंय. आता खेच नुसत्या रेघेची राहिली नाही, पूर्ण बुडाच्या क्षेत्रफळाची झाली. तोच १४०० पास्कल फरक आख्ख्या बुडावर लागला तर हिशोब ४०० ग्रॅमपर्यंत जातो. आणि ग्लास झटक्यात उचलला तर आणखी वाढतो, कारण दोन पृष्ठभाग वेगळे व्हायचे तर त्या केसभर फटीतून पाण्याने आत सरकायला हवं, आणि पाण्याला घाई जमत नाही. याचा हिशोब योझेफ स्टेफान नावाच्या ऑस्ट्रियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने १८७४ साली मांडून ठेवलाय, तोच स्टेफान, ज्याचा उष्णतेच्या किरणांचा नियम बारावीत असतो.

याचीच उलटी गंमत तुम्ही सगळ्यांनी ओट्यावर पाहिली असणार. गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की आपोआप सुर्रकन सरकते. तिथे बुडाखालची हवा तापून फुगते आणि वाटीला किंचित उचलते. गरम वाटी सरकते, थंड ग्लास धरून बसतो, हवा तीच.

तर माझं म्हणणं असं आहे, आणि आजचं सगळं भाषण एवढ्याचसाठी आहे, की लोक कोस्टर निवडताना फक्त पाण्याचा विचार करतात, पाणी शोषतो का, टेबल वाचवतो का. तो करावाच. पण चिकटणं थांबवायचं असेल तर हवेचा विचार करा. ग्लासच्या बुडाखाली हवा शिरायला वाट आहे का? वाट असेल तर अर्ध्याहून जास्त खेच तिथेच गेली. आणि कड सलग टेकतच नसेल, ठिपक्याठिपक्यांवर टेकत असेल, तर उरलेलीही गेली.

आता या नजरेने बाजारातले कोस्टर बघू. सगळ्यात वाईट कुठला? मला माफ करा, इथे काही जणी बनवत असतील, पण रेझिनचा. दिवाळीच्या प्रदर्शनात असतो तो, निळा-सोनेरी, समुद्राच्या लाटा वगैरे, दिसायला सुंदर आणि वरून आरशासारखा गुळगुळीत. पाण्याला आणि ग्लासला याहून आदर्श जागा मिळणार नाही. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, वारली चित्रं छापून वरून लॅमिनेशन केलेले असतात ते पण त्याच जातीचे, आणि त्यांच्या कडेने पाणी आत गेलं की एमडीएफ फुगतं ते वेगळंच.

कॉर्कचं लोकांना फार कौतुक असतं. कॉर्क पाणी शोषतो असं म्हणतात, अहो पाणी शोषला असता तर त्याची बाटलीला बुचं केली असती का? कॉर्क जवळजवळ पाणी पीत नाही. त्याचा पृष्ठभाग जरा खडबडीत असतो हा त्याचा गुण, आणि वजन नाहीच हा त्याचा दोष, पातळ कॉर्कचा कोस्टर १० ग्रॅमसुद्धा भरत नाही, थोडं पाणी साचलं की आला वर. कॉर्कची जागा कोस्टरच्या खाली आहे, टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून.

क्रोशाचा कोस्टर, आपल्या आज्या-मावश्या विणायच्या तो, याला मी वरचा नंबर देतो. हलका असतो पण त्यात भोकंच भोकं, हवा कुठूनही शिरते, सलग कडं बनतच नाही. फक्त तो पाणी अडवत नाही, भिजला की खालचं टेबलही भिजतं. म्हणून तो एखाद्या लाकडी चकतीवर शिवून किंवा चिकटवून टाकायचा, मग बघा.

आणि परमिट रूममधला पुठ्ठ्याचा, ज्याच्यावर बिअरची जाहिरात असते, त्याला हसू नका. जर्मनीत आधी बिअरच्या मगाखाली फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाच्या, चकत्या ठेवायचे, त्या ओल्या राहायच्या, वास मारायच्या, धुऊन वाळवून परत परत वापरायच्या. १८९२ साली ड्रेस्डेनच्या रोबर्ट श्पूटने लाकडाच्या लगद्यापासून चकती बनवण्याचं पेटंट घेतलं, १०७ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाड. लगदा साच्यात ओतायचा आणि वाळवायचा. पाणी प्यायली, खराब झाली, फेकून दिली. तो पुठ्ठा घटाघटा पाणी पितो म्हणून पातळ थर साचतच नाही. अर्थात पोट भरलं की तोही चिकटतो, म्हणून तिसऱ्या ग्लासला वेटरने बदलून द्यावा, देत नाहीत.

आता मिठाचा उपाय. हा बारवाल्यांचा जुना आहे, टिश्यू पेपरवर किंवा कोस्टरवर चिमूटभर मीठ भुरभुरायचं आणि त्यावर ग्लास ठेवायचा. लोकांना वाटतं मीठ पाणी शोषतं. थोडं ओढतंही, पण त्याचं खरं काम ग्लासला उचलून धरणं हे आहे, दाण्यांवर ग्लास बसला की खाली फट राहते, फटीतून हवा. म्हणून बारीक टेबल सॉल्टपेक्षा जाडं मीठ जास्त वेळ टिकतं. पण आपल्याकडे एक अडचण आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी घेऊन विरघळायला लागतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते याचमुळे. म्हणजे पुण्यात एप्रिलमधे मिठाची युक्ती छान चालेल, रत्नागिरीत जुलैमधे थोड्या वेळात कोस्टरवर खारं पाणी आणि ग्लास परत चिकटलेला. शिवाय पितळेचा नाहीतर लोखंडाचा कोस्टर असेल तर मीठ लावूच नका, डाग पडतील, गंज चढेल.

माझी स्वतःची आवड विचाराल तर बाथरूमची टाइल. हसू नका, ही बघा, १० बाय १० सेंटिमीटरची सिरॅमिकची, टाइलवाल्याकडे सॅम्पलचे तुकडे पडलेले असतात. आणि ही सुलटी नाही वापरायची, उलटी. मागची बाजू ग्लेझ न केलेली असते, भाजलेली कच्ची माती, पाणी पिते, आणि सिमेंट धरावं म्हणून कारखान्यातच तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा उठवलेल्या असतात. म्हणजे शोषणही आलं, हवेची वाटही आली, आणि वजन साधारण १२० ग्रॅम. तीनही गोष्टी एकाच वस्तूत. खालच्या चकचकीत बाजूला चार फेल्टचे ठिपके चिकटवा, झालं. फक्त फरशीची विट्रिफाइड टाइल घेऊ नका, ती पाणी पीत नाही.

हल्ली डायटोमाइटचे कोस्टर मिळतात, सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची माती असते ती, पाण्याचा थेंब बघता बघता गायब होतो. चांगले आहेत, पण कोकम सरबत किंवा उसाचा रस सांडला की साखरेने छिद्रं बुजतात. बारीक सँडपेपरने वरचा थर घासला की परत चालू होतात.

काकू काहीतरी विचारतायत... हो, स्टीलचा ग्लास. चांगला प्रश्न आहे. स्टील पातळ असतं त्यामुळे बाहेरची बाजू लगेच थंड होते, घाम लवकर येतो, आणि बुडाला खळगाही असतोच. म्हणून स्टीलचा ग्लास काचेइतकाच चिकटतो. वर ग्लास हलका असतो, त्यामुळे लक्ष नसताना सगळंच उचललं जातं.

मेणबत्तीचं विचारलं कोणी? ऐकलेलं बरोबर आहे. ग्लासच्या बुडाच्या कडेवर मेणबत्ती घासली तर पाणी तिथे पसरत नाही, थेंब होऊन बसतं, आणि खेच बरीच कमी होते. पण गरम पाण्याने ग्लास धुतला की मेण गेलं. पाहुणे येणार त्या दिवशीपुरता उपाय म्हणून ठीक.

आणि काहीच हाताशी नसेल तर उचलायची पद्धत बदला. सरळ वर ओढू नका, ग्लास जरासा कलता करा किंवा किंचित पिरगाळा, एका बाजूने हवा शिरते आणि कोस्टर सुटतो. पाहुण्याला हे सांगता येत नाही ही अडचण आहेच.

शेवटचा प्रश्न घेतो. ताईंनी विचारलंय की रेझिनचे सहा कोस्टर ऑलरेडी घेतलेत, महागाचे आहेत, त्यांचं काय करू. टाकू नका. हार्डवेअरच्या दुकानात कपाटाचं दार आपटू नये म्हणून लावायची पारदर्शक सिलिकॉनची बटणं मिळतात, शीटवर चिकटलेली असतात. तुमच्या ग्लासची कड कोस्टरवर जिथे टेकते तिथे पेन्सिलने गोल काढा आणि त्या गोलावर सारख्या अंतरावर तीन बटणं लावा. चार नकोत, चारातलं एक जरी कमी-जास्त बसलं तरी ग्लास डुगडुगतो, तीनवर डुगडुगत नाही. वेगळ्या मापाचे ग्लास काढलेत तर मात्र ते टाइलवर ठेवा.