बर्फ पडला, टिटव्या उठल्या

(दृश्य: ब्रिटनमधलं पांढरं शेत, कडेला टिटव्यांचा थवा)

थव्यातली ही पुढची बघा. डोक्यावर बारीक, वर वळलेली शेंडी. दोन पावलं धावते, थबकते, एक पाय जमिनीवर थरथरवते. खाली गांडूळ हललं की चोच मारायची, हा तिचा रोजचा क्रम. पण रात्रीतून चार बोटं बर्फ साचलाय आणि त्याखालची माती गोठून टणक झाली आहे. थरथर चालू आहे, चोच मात्र रिकामी.

पक्षी थंडीला भिऊन पळतात, असं सर्रास सांगितलं जातं. पिसं फुगवून बरीच थंडी काढता येते. निघत नाही ती उपाशीपोटी रात्र.

(दृश्य: थवा उठतो, वळतो)

उठल्या! आता दिशा बघा: पश्चिम, नैऋत्य. ब्रिटनच्या पूर्वेकडे बर्फ साचला की टिटव्या, सोनेरी चिखल्या, चंडोल अटलांटिकच्या सौम्य हवेकडे सरकतात. कुणी आयर्लंड गाठतं, कुणी फ्रान्स, कुणी थेट स्पेन. या प्रवासाला ठरलेला महिना नाही. जमीन मोकळी झाली की बरेचसे मागेही फिरतात.

डिसेंबर 1927 मध्ये मात्र गंमतच झाली. इंग्लंडमध्ये कडाका पडला, टिटव्या आयर्लंडच्या दिशेनं निघाल्या आणि पाठीमागून पूर्वेचा जोरदार वारा लागला. आयर्लंड मागे पडलं. शेकडो टिटव्या अख्खा अटलांटिक ओलांडून आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर उतरल्या. त्यातल्या एकीच्या पायात ओळखीसाठी घालतात तसं कडं सापडलं. ते 1926 मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये, ती पिल्लू असताना घातलेलं होतं.

(दृश्य: गोठलेलं तळं, मधे उघडं पाणी)

बदकांचं गणित पाण्यावर चालतं. तळ्यात मोकळं पाणी आहे तोवर ती दाटीवाटीनं तिथेच राहतात. तेही मिटलं की खाडी गाठतात. खारं पाणी आणि भरती-ओहोटी, त्यामुळे तिथला चिखल उशिरा गोठतो.

(दृश्य: काटेरी कुंपण, लाल फळं, कस्तूर)

आणि हे कुंपण. स्कँडिनेव्हियातून आलेले कस्तूर जमीन झाकली गेली की या फळांवर तुटून पडतात. फळं संपली की पुढचं कुंपण, मग पुढचं गाव. शरदातच यंत्र फिरवून कुंपण नीटनेटकं केलं, तर जानेवारीत इथे नुसत्या काड्या उरतात. छाटणी हिवाळा सरताना केली तर शेतकऱ्याचं फारसं बिघडत नाही. हे फळ जवळून बघा, चोचीत मावेल एवढंच, पण बर्फाच्या दिवशी हीच शिदोरी.

ज्यांना लांब जाणं जमत नाही, ते मरतात. 1962-63 च्या हिवाळ्यात ब्रिटनमधले रेन नावाचे चिमुकले पक्षी आणि खंड्या फार मोठ्या प्रमाणात गेले.

(दृश्य: खाडीकाठ, फिरायला आलेली माणसं, उठणारी बदकं)

गोठवण लांबली तर पाणपक्ष्यांची शिकार तात्पुरती थांबवायची तरतूद ब्रिटनच्या कायद्यात आहे. उगाच उडावं लागलं की उरलेली चरबी जळते, हे त्यामागचं साधं कारण. बंदुका थांबतात. मोकळा सोडलेला कुत्रा मात्र थव्यात शिरतोच, आणि त्याचा मालक मागून कौतुकानं बघत येतो.